पोचल्याचं फडकं

बातमी आली तेव्हा काजवाली सुईत दोरा ओवत होती, आणि तो दोरा त्या दिवशी काही ओवला गेला नाही. गणवेश आणि कोट शिवणारा मोठा कारखाना होता तो. मशिनांची घरघर सकाळी सुरू झाली की संध्याकाळपर्यंत कानातून जायची नाही. ती एकदम थांबली. मुकादमीणबाई म्हणजे बाईला कळा सुटल्या तरी "तेवढी बाही पुरी कर आणि जा" म्हणणारी, तीच स्टुलावर मटकन बसली.

"पकडला," ती म्हणाली. "बायकांना मारणारा पकडला. अगं, आपला भाऊ निघाला."

भाऊ म्हणजे कारखान्यातला मशीन दुरुस्त करणारा मिस्त्री. तेलाची बुधली हातात, पेचकस खिशात आणि मान कायम खाली. "ताई, जरा पाय उचला," एवढंच त्याचं बोलणं. दहा-बारा वर्षं त्या वस्तीत अधूनमधून एखादी बाई संध्याकाळची नाहीशी व्हायची आणि कालव्याकडच्या झाडीत सापडायची. पोलिसांनी सगळी झाडी पालथी घातली. लोकांनी तर साप म्हणून भुई धोपटावी तसं एका भंगारवाल्याला बडवून वस्तीतून हाकलला. तो बिचारा पुन्हा दिसला नाही आणि त्याचं नावही नंतर कुणी काढलं नाही. आणि काखेत कळसा म्हणतात तसा हा बाबा रोज यांच्याच पायाशी बसून मशिनांना तेल घालत होता!

आता बघा गंमत. दुपारच्या सुट्टीपर्यंत असं झालं की ज्याला त्याला आधीपासून संशय होता.

"मी तर त्याच्या नजरेतच ओळखलं होतं," बटणं लावणारी बटणवाली म्हणाली.

"त्यानं नजर वर कधी केली होती गं?" कुणीतरी विचारलं.

"तेच तर! सरळ माणूस वर बघतो."

त्याचा हात लागलेल्या मशीनवर बसायला कुणी तयार होईना, आणि हात न लागलेलं मशीन कारखान्यात एकही नव्हतं. एकीनं तर आपलं मशीन साबणाच्या पाण्यानं खसाखसा धुतलं. दोन दिवसांत ते गंजून जाम झालं आणि दुरुस्त करायला मिस्त्री कुठे होता? बायका हसल्या, मग हसल्याबद्दल रडल्या. वस्तीत पोरं अंधार पडेपर्यंत रस्त्यावर खेळली. तरुण मुली नुसत्याच, काही काम नसताना, कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आल्या. कितीतरी वर्षांनी सगळ्यांनी मोकळा श्वास घेतला, त्यात खोटं काही नव्हतं.

काजवाली मात्र गप्प होती. ती तशी बोलभांड बाई. कोटांना बटणांची काजं हातानं करायची आणि तोंड मोकळंच असायचं. साठीला टेकलेली, नवरा तरुणपणीच गेलेला, मूलबाळ नाही. कोटाला मशीनचं काज शोभत नाही म्हणून कारखान्यानं तिला ठेवलेली. सगळ्यांना वाटलं, मैत्रिणीच्या आठवणीनं गप्प झाली असेल. ते खरंच होतं, पण अर्धं.

कारण भाऊनं मारलेल्या बायकांत एक निखारा होती.

निखारा ही त्याच कारखान्यातली इस्त्रीवाली. खरं नाव आईबापांनी काही गोड ठेवलं होतं, पण इस्त्री आणि तिचं डोकं दोन्ही सारखंच तापायचं, म्हणून काजवालीनं तिला निखारा केलं. निखाऱ्यानं बदल्यात तिला काजू केलं. हे नाव जगात दुसरं कुणी घेत नसे आणि घेतलेलं काजवालीला खपलंही नसतं. दोघी रस्त्याच्या दोन बाजूंना, समोरासमोर राहायच्या, दुसऱ्या मजल्यावर. निखाऱ्याचा नवरा पळालेला. पदरी एक मुलगी, आईपेक्षा तिखट, म्हणून तिचं नाव ठिणगी. ती काजवालीला मावशी म्हणायची आणि आईनं मारलं की रस्ता ओलांडून मावशीकडे जेवायला यायची. "तुझ्या आईचं डोकं फिरलंय," असं मावशीनं म्हटलं की मग तिच्या घशाखाली घास उतरायचा. दोन खोल्या, मधे रस्ता, पण घर एकच म्हणा ना.

फडक्याची पद्धत निखाऱ्यानंच काढली. दुसरी बाई मेली तेव्हा वस्तीतल्या बायकांना कापरं भरलं होतं. निखाऱ्यानं कारखान्यातून पिवळ्या अस्तराचे उरलेले तुकडे आणले आणि घराघरात वाटले. "ऐका गं," ती म्हणाली, "घरी पोचलं की पहिलं काम, हे फडकं खिडकीच्या गजाला बांधायचं. सकाळी निघताना सोडून घ्यायचं. समोरच्या खिडकीत दिवे लागल्यावरही फडकं दिसलं नाही, तर शोधायला निघायचं. पण एकटीनं नाही. कुणालातरी सोबत घ्यायचं. जी एकटी निघेल तिला मी इस्त्रीनं डागीन!" झालं, सगळा रस्ता तिन्हीसांजेला पिवळा दिसायला लागला. बायका एकमेकींच्या खिडक्या बघून भाकरी थापायला बसायच्या.

आणि तरी निखारा गेली.

त्या दिवशी काजवालीला ताप होता. ती दुपारीच घरी आली आणि पांघरूण घेऊन पडली. निखारा तेव्हा इस्त्री केलेले गणवेश पोचवायला बाहेर गेली होती, तिला हे माहीत नव्हतं. ठिणगी सुट्टीची तिच्या आत्याकडे गेलेली. अंधार पडल्यावर काजवाली घोटभर पाण्याला उठली, सवयीनं समोर बघितलं. पिवळं फडकं होतं. "पोचली बया," असं म्हणून ती परत आडवी झाली. सकाळी फडकं तिथंच होतं. हाका मारल्या, ओ आली नाही. नंतर कालव्याकडून निरोप आला.

पुढं जे झालं ते खुनाइतकंच वाईट होतं, असं काजवालीचं मत, आणि माझंही. फडकं बांधलं होतं म्हणजे निखारा घरी पोचली होती. मग पुन्हा बाहेर कशाला पडली? लोकांना उत्तर शोधायला वेळ लागला नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला. "नवरा नाही घरात. लेक आत्याकडे. जात असेल कुणाला भेटायला." बटणवालीनं तर तो 'कुणी' कसा दिसतो हेही सांगितलं. मेलेल्या बाईला बोलायला तोंड नसतं, म्हणून जिवंतांनी किती बोलावं?

ठिणगीच्या कानावर हे गेलं. तेव्हा ती शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. ती रस्ता ओलांडून आली आणि दारातच उभी राहिली.

"मावशी, तू समोर होतीस. आई कुठे निघाली होती?"

"मला माहीत नाही गं, राणी."

"तुझ्यापासून ती काही लपवायची? तुला माहीत नाही?"

"देवाशप्पथ नाही."

पोरीनं तिच्याकडे टक लावून बघितलं. काजवालीला कळलं की पोरीला वाटतंय, मावशी झाकतेय. झाकण्यासारखं काही आहे म्हणूनच झाकतेय. त्याला उलट काय सांगणार? नाही हे दाखवता येत नाही. ठिणगी आत्याकडे गेली ती गेली. पहिली काही वर्षं काजवाली फोन करायची, आत्या सांगायची, "ती झोपलीय," "ती बाहेर गेलीय." मग काजवालीनंच फोन करणं सोडलं. समोरच्या खोलीत दुसरे भाडेकरू आले. त्यांनी खिडकीत कुंड्या ठेवल्या. काजवाली तरी रोज संध्याकाळी तिकडे बघायची आणि मग कुंड्यांवर उगाच चिडायची.

सांगायचं काय, भाऊ पकडला गेला तेव्हा वस्तीला न्याय हवा होता, फाशी हवी होती, वर्तमानपत्रात आपला फोटो हवा होता. काजवालीला एकच गोष्ट हवी होती. निखारा कुठे निघाली होती? हे एक कळलं तर ठिणगीला सांगता येईल. पोरीला तोंड दाखवता येईल. पोरीचं तोंड बघता येईल. त्या पोरीच्या चुरचुरीत बोलण्यासाठी तिचा जीव इतका तुटत होता की कधी कधी ती एकटीच दोन्ही बाजूंनी भांडण करायची, मावशीचं आणि भाचीचं, आणि भाचीलाच जिंकू द्यायची.

ती पोलीस ठाण्यात गेली. हवालदार म्हणाला, "आजी, घरी जा, तपास चालू आहे." ती म्हणाली, "आजी असेल तुझी. मी इथं बसते." आणि बाकावर बसून, मांडीवर कोट घेऊन काजं करायला लागली. दुसऱ्या दिवशीही आली. कारखान्याचं काम घरी न्यायची मुभा होती, तिनं ते ठाण्यात नेलं. येणारे-जाणारे आरोपी तिच्याकडे बघून जरा ओशाळायचे. शेवटी आतल्या खोलीतून पोलिसबाई बाहेर आली. वयानं ठिणगीपेक्षा थोडी मोठी असेल, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, बरेच दिवस न झोपलेली.

"तुम्हाला काय हवंय, मावशी?"

"इस्त्रीवाली त्या संध्याकाळी घरातून पुन्हा का बाहेर पडली, ते त्यानं सांगितलं का?"

पोलिसबाई थबकली. तिनं काजवालीला आत नेलं, दार लावलं, पाणी दिलं.

"एक विचारते. तुमच्या वस्तीत काजू कोण? आम्ही सगळ्यांना विचारलं, कुणालाच ठाऊक नाही."

काजवालीनं पेला खाली ठेवला. आठ-नऊ वर्षांत हे नाव तिनं कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"मी," ती म्हणाली. "ती मला म्हणायची. फक्त ती."

 सांगावं की नाही असा पोलिसबाईचा चेहरा. मग तिनं सांगितलं, सरळ आणि हळू. भाऊच्या जबानीत आलं होतं. इस्त्रीवाली रस्त्यात उभी राहून समोरच्या खिडकीकडे बघत होती. हाका मारून दमली होती. त्याला बघून तिचा जीव भांड्यात पडला. म्हणाली, "भाऊ, बरं झालं भेटलात. काजूचं फडकं दिसत नाही. शोधायला जायचंय, पण एकटीनं निघायचं नाही ना." काजू कोण हे त्याला ठाऊकही नव्हतं, तरी तो म्हणाला, "ताई, आत्ताच कारखान्यातून आलो, त्या अजून तिथंच बसल्यात. चला, मी येतो सोबत." कारखान्याचा जवळचा रस्ता कालव्यावरूनच जायचा.

काजवालीला आधी काहीच झालं नाही. मग ती संध्याकाळ तिच्यासमोर आली, जशी होती तशी. ताप. पाणी. समोरचं फडकं. स्वतःच्या खिडकीचा गज तिनं बघितलाच नव्हता. फडकं खुंटीला होतं. ती दुपारपासून घरातच होती; संध्याकाळी कुठून यायचंच नव्हतं, तर पोचायचं काय? तिच्या मनातच आलं नाही. एवढ्या वर्षांत एकदाही आलं नाही. ती समोरच्या खिडकीचाच विचार करत बसली आणि समोरून आपली खिडकी कशी दिसली असेल, हे तिनं कधी बघितलंच नाही.

"मावशी, दोष त्याचा आहे," पोलिसबाई म्हणाली. "तुम्हाला ताप होता. तो खोटं बोलला. त्यानं मारलं."

"हो गं बाई," काजवाली म्हणाली, "ते मला कळतं." ज्याचं जळतं त्याला कळतं, हे त्या पोरीला काय सांगायचं.

"हे कोर्टात येईल की नाही, माहीत नाही. त्यानं बाकी इतकं कबूल केलंय की याची गरज पडणार नाही. तुम्ही कुणाला सांगायलाच हवं असं नाही."

घरी जाताना काजवाली निखाऱ्याशी बोलत गेली. हे ती नेहमीच करायची, पण आज आवाज जरा मोठा होता. "अगं ए, शहाणे, दार तरी ठोठावायचंस! दोन जिने चढायला काय झालं होतं? नाही, तुला घाई. तुझं डोकं तापलेलं. काजू मेली असं वाटलं असेल तुला. आणि मी मेली आत घोरत होते." रस्त्यावरची माणसं वळून बघत होती. ती मधेच थांबली आणि तोंडात पदर कोंबून रडली. मग निखाऱ्याला म्हणाली, "आता काय करू ते सांग. पोरीला सांगितलं तर पोर कायमची गेली. मी तिच्या आईच्या जिवावर उठले, असंच म्हणेल ती, आणि काय चुकीचं म्हणेल?" निखाऱ्यानं काही सांगितलं नाही. मेलेली माणसं ऐन वेळी गप्प बसतात.

वस्तीत शिरली तर रस्ता वेगळाच दिसत होता. बायकांनी फडकी काढून टाकली होती. कुणी त्याचं पायपुसणं केलं होतं, एकीनं त्यानं सायकल पुसली होती. नव्या मुली खिडकीत उभ्या राहून गप्पा मारत होत्या. कुणाला ही पद्धत कुणी काढली, आठवतसुद्धा नव्हतं. निखाऱ्याचं नाव आलं तर एवढंच यायचं, "ती नाही का, रात्रीची कुणाला भेटायला गेलेली." रात्रीची! दिवे नुकते लागले होते तेव्हा. इतक्या वर्षांत लोकांनी तिची संध्याकाळसुद्धा रात्र करून टाकली होती.

त्यानं मात्र काजवालीचं टाळकं सटकलं. बरं झालं सटकलं.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत, सगळ्यांचे डबे उघडले होते तेव्हा, ती उभी राहिली. "कान उघडे ठेवून ऐका," ती म्हणाली. "एकदाच सांगणार आहे. निखारा त्या संध्याकाळी कुणा पुरुषाला भेटायला गेली नव्हती. मला शोधायला निघाली होती. मी घरात होते आणि मी फडकं बांधलं नव्हतं. तिनं ठरल्याप्रमाणे सोबत घेतली. तुम्ही सगळ्या ज्याला भाऊ म्हणत होतात, मीही म्हणत होते, त्याची." एवढं बोलून तिला धाप लागली. "आता बोला काय बोलायचं ते. मला बोला. तिला नाही."

 बटणवालीच्या हातातला घास हातातच राहिला. मग ती उठली, हात न धुताच काजवालीपाशी आली आणि "मी मेली, मी मेली" म्हणत स्वतःच्या तोंडात मारून घ्यायला लागली. "पुरे गं," काजवाली म्हणाली, "त्यानं ती येणार आहे का? जेव." तिला बटणवालीचा राग येईना. राग यायला आधी स्वतःकडे बघितलेलं नसावं लागतं.

मग तिनं आत्याला फोन लावला आणि म्हणाली, "ती झोपली असेल तर उठव. बाहेर असेल तर बोलाव. तिच्या आईचं कळलंय."

ठिणगी आली. दारात उभी राहिली तेव्हा काजवालीला क्षणभर निखाराच आली असं वाटलं. तेच कपाळ, तेच नाक, रागावायच्या आधी नाकपुडी फुगायची तीसुद्धा तीच. तरुण बाई झाली होती. "बस" म्हटलं तरी बसली नाही. काजवालीनं सगळं सांगितलं. ताप सांगितला, खुंटी सांगितली, काजू हे नाव सांगितलं. मधे कुठे थांबली नाही आणि स्वतःची बाजूही घेतली नाही. शेवटी म्हणाली, "तू विचारलं होतंस ना, आई कुठे निघाली होती? माझ्याकडे येत होती."

ठिणगी खिडकीशी गेली. समोर कुंड्या होत्या.

"इथून आमचा गज सरळ दिसतो," ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे तिथूनही दिसत असणार."

"हो गं."

 मग तिनं पाठमोरीच विचारलं, "खूप ताप होता?"

"होता."

"मला वाटायचं, तू आईचं काहीतरी झाकतेस. मी आईला किती काय काय बोलले, मनातल्या मनात. इतकी वर्षं."  काजवालीनं हात पुढे केला, पण ठिणगी बाजूला सरली. रागानं की नुसतीच, कळलं नाही. "मला आत्ता तुझ्याशी बोलवत नाही, मावशी. मी निघते. बस आहे."

मावशी म्हणाली हे तिच्या लक्षात आलं नाही. काजवालीच्या आलं.

"चार घास खाऊन जा."

"नको."

काजवालीनं खुंटीवरचं फडकं काढलं. धुऊन धुऊन पिवळं कसलं, पांढरट झालेलं. "हे तुझ्या आईनं मला बांधायला दिलेलं. तू ने." ठिणगीनं ते घेतलं, पर्समध्ये कोंबलं आणि जिना उतरायला लागली. काजवाली कठड्याला धरून उभी होती. आयुष्यभराची सवय, तोंडातून निघून गेलं, "पोचल्यावर कळव गं!" आणि तिनं जीभ चावली. आपण कोण सांगणार? खाली पावलं थांबली नाहीत.

त्या दिवशी तिला काम सुचेना. कोट मांडीवर घेतला, काज वाकडं गेलं, उसवलं, पुन्हा वाकडं गेलं. ऊन भिंतीवरून सरकत गेलं. समोरचे भाडेकरू आले, त्यांनी कुंड्यांना पाणी घातलं. रस्त्यात पोरं ओरडत होती. तिन्हीसांज झाली. कुठल्याच खिडकीत फडकं नव्हतं आणि कुणालाच त्याचं काही नव्हतं, आणि खरं म्हणजे तसंच असायला हवं होतं. तरी तिचा जीव वरखाली होत होता. बस कधीच पोचली असेल. उतरली असेल. घरी गेली असेल. नाही कळवायचं तिला, बरोबरच आहे. आपणही नसतं कळवलं.

फोन वाजला तेव्हा तिच्या हातून कोट खाली पडला.

"हॅलो?"

 पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता, आत्या काहीतरी विचारत होती. मग श्वास घेतल्याचं ऐकू आलं.

"पोचले," ठिणगी म्हणाली आणि फोन ठेवला.

काजवाली फोन हातात घेऊन तशीच खिडकीपाशी गेली. समोर दिवा लागला होता.

"ऐकलंस का गं, निखाऱ्या?" ती म्हणाली. "पोर पोचली."